सीडींचा मोठा संग्रह भराभर संगणकावर कसा उतरवावा?

जुनी तबकडी
जवळजवळ ९०० ऑडिओ सीडी आहेत. बहुतेक विकत घेतलेल्या, काही घरी बर्न केलेल्या. सगळ्या एकदाच्या संगणकावर उतरवायच्या आहेत. एक सीडी अगदी बिनचूक कशी काढावी यावर जालावर रग्गड लिहिलेलं सापडतं. माझी अडचण ढिगाची आहे. दर्जाशी तडजोड नको, पण हा पूर्णवेळचा उद्योगही व्हायला नको.

सध्या लॅपटॉपला लावायचा एक बारीक यूएसबी ड्राइव्ह आहे. एमपी३ की फ्लॅक (आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करणारा फॉरमॅट), सॉफ्टवेअर कोणतं, गाण्यांची नावं हाताने टाकावी लागतात का, आणि मुख्य म्हणजे वेळ नेमका कुठे वाचतो? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निवांत
वाचतोय. आमच्याकडेही दोन खोकी धूळ खात पडली आहेत. वाचनखूण साठवतोय.

ढगातला
हा खटाटोप कशासाठी? सगळं स्ट्रीमिंगवर आहे. शोधा, ऐका, सोडून द्या.

किरकिरा
सगळं नाहीये हो. छोट्या कंपन्यांनी काढलेले आणि कंपनीबरोबरच बुडालेले अल्बम शोधून दाखवा. जे आहे तेही तेच असेल याची खात्री नाही. नंतरच्या रीमास्टर, म्हणजे पुन्हा ध्वनिसंस्कार केलेल्या आवृत्तीत पुष्कळदा आवाजाची पातळी मूळ आवृत्तीपेक्षा इतकी वर चढवलेली असते की हळू-मोठ्याचा फरकच सपाट होतो, आणि स्ट्रीमिंगवर बहुधा नवीच आवृत्ती ठेवलेली असते. परवाना संपला की एखादं गाणं यादीतून गुपचूप गायबही होतं.

मात्र धागाकर्त्याला एक सुचवतो. सुरुवात करण्याआधी एकदा सगळा संग्रह चाळा आणि ज्या सीडी पुन्हा कधीच ऐकणार नाही त्या बाजूला काढा. भेट म्हणून आलेल्या, मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या, एकाच अल्बमच्या दोन-दोन प्रती. न काढलेल्या सीडीइतकी झटपट कोणतीच सीडी निघत नाही.

खटपट्या
वेळेचा हिशेब आधी मांडा, ड्राइव्ह मग विकत घ्या.

ड्राइव्हवर ५२ एक्स (म्हणजे वाजवण्याच्या ५२ पट वेग) छापलेलं असतं, तो वेग फक्त तबकडीच्या बाहेरच्या कडेला मिळतो. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि बहुतेक मोठे ड्राइव्ह तबकडी एकाच गतीने फिरवतात. त्यामुळे पहिली गाणी याच्या निम्म्याहून कमी वेगाने निघतात आणि शेवटची पटापट. ट्रे उघडणं, तबकडी ओळखणं, नावं शोधणं हे सगळं धरून धडधाकट सीडीला पाच मिनिटं धरा. ९०० गुणिले ५ म्हणजे ४५०० मिनिटं, ७५ तास. हे झालं यंत्राचं काम.

आता प्रत्येक सीडीमागे नावं दुरुस्त करायला आणि मुखपृष्ठाचं चित्र शोधायला दहा मिनिटं गेली, की झाले १५० तास. हे तुमचं काम. म्हणजे ड्राइव्ह कितीही वेगवान आणला तरी मोठा वाटा तसाच राहतो.

म्हणून माझा सल्ला एकच: सीडी काढणं आणि सीडी नीटनेटकी करणं ही कामं एकाच बैठकीत करायची नाहीत. पहिल्या फेरीत फक्त काढायचं. फ्लॅक, बर्स्ट मोड (एकदाच भराभर वाचणं), ॲक्युरेटरिप (इतरांनी काढलेल्या प्रतींशी ताळा घेणारी सोय) चालू, नावं जशी येतील तशी, आणि काम संपलं की ट्रे आपोआप बाहेर. ट्रे बाहेर दिसला की पुढची सीडी आत. अडलेली सीडी वेगळ्या ढिगात टाकायची, तिच्याशी तिथेच झटापट करायची नाही. संगणकासमोर बसून पट्टी सरकताना बघत राहण्याची तर अजिबात गरज नाही. दुसरं काम करता करता हात लांब करून सीडी बदलता येईल अशा जागी ड्राइव्ह ठेवा.

शंकासुर
बर्स्ट मोडमध्ये ड्राइव्ह एकदाच वाचतो ना? मग काही चुकलं तर कळणार कसं? सगळीकडे सिक्युअर मोडच वापरा म्हणून बजावतात.

खटपट्या
रास्त शंका. थोडं मुळातून सांगतो.

डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरला स्वतःचा पत्ता आणि चूक दुरुस्त करायला जादा थर असतो, त्यामुळे फाइल एकतर बरोबर कॉपी होते किंवा संगणक तक्रार करतो. ऑडिओ सीडीचं तसं नाही. तिच्यात सेकंदाला ७५ सेक्टर, प्रत्येकात २३५२ बाइट, आणि ते सगळे आवाजालाच दिलेले. ड्राइव्हला एखादी जागा वाचता आली नाही की तो आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने भरून पुढे जातो. प्लेअरसाठी ही सोय झकास, कॉपीसाठी घातक, कारण कोणी सांगतच नाही की इथे ठिगळ लावलंय.

सिक्युअर मोड यावर उपाय म्हणून तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतो आणि उत्तरं जुळतात का बघतो. खात्रीचा, पण वेळखाऊ. ॲक्युरेटरिपची युक्ती वेगळी आहे. तुमच्या प्रत्येक ट्रॅकचा एक चेकसम, म्हणजे त्यातल्या सगळ्या माहितीवरून निघणारा पडताळणीचा आकडा, काढला जातो आणि तीच सीडी आधी काढलेल्या इतर लोकांच्या चेकसमशी ताडला जातो. वेगळ्या घरातल्या, वेगळ्या ड्राइव्हवरच्या, वेगळ्या प्रतीतून तंतोतंत तोच आकडा आला, तर दोघांचीही नेमकी तीच चूक झाली असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. मग एकदा वाचलं की शंभरदा, फरक काय पडतो?

प्रत्यक्षात असं दिसतं. १२ ट्रॅकची सीडी, अहवालात ११ ट्रॅकपुढे 'अचूक, विश्वास १४', म्हणजे नोंदवहीतल्या १४ जणांशी जुळलं. सातव्या ट्रॅकपुढे मात्र 'जुळत नाही'. सीडी उजेडात तिरकी धरली तर मधल्या पट्ट्यात एक बारीक ओरखडा. आता पूर्ण सीडी पुन्हा काढायची गरज नाही, नुसता सातवा ट्रॅक सिक्युअर मोडने काढायचा. बऱ्या अवस्थेतल्या संग्रहात बहुतेक सीडी पहिल्याच फेरीत सुटतात, आणि सगळा सावकाशपणा उरलेल्यांसाठी राखून ठेवता येतो.

एक अट आहे. प्रत्येक ड्राइव्ह वाचायला थोडा पुढे किंवा मागे सुरुवात करतो, याला ऑफसेट म्हणतात. कुठे +६ नमुने, कुठे +६६७. सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यामुळे ६६७ चा फरक कानाला कळणार नाही, पण चेकसम पार बदलतो. सॉफ्टवेअरला ड्राइव्हचं मॉडेल ओळखून ऑफसेट एकदा बसवू द्या, मग विसरून जा.

शंकासुर
पटलं. धन्यवाद.

तारामास्तर
सॉफ्टवेअरबद्दल: विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजेच ईएसी, फुकट आणि भरवशाचं आहे, फक्त सुरुवातीच्या सेटिंग्ज किचकट. क्यूरिपर त्यामानाने सुटसुटीत. ढीगच उपसायचा असेल तर डीबीपॉवरॲम्प पैसे देऊन घ्यावं असं माझं स्पष्ट मत. त्याचा बॅच रिपर एकाच वेळी अनेक ड्राइव्ह चालवतो, सीडी पडली की स्वतःहून सुरू होतो, संपली की बाहेर ढकलतो. मॅकवर एक्सएलडी. लिनक्सवर व्हिपर ॲक्युरेटरिप तपासतो. एबीसीडीई विनाप्रश्न चालवायला सोपं, पण ते आपणहून हा ताळा घेत नाही. दोन्हींना ड्राइव्ह कोणता ते सांगता येतं, त्यामुळे दोन-तीन टर्मिनल उघडून दोन-तीन ड्राइव्ह जुंपता येतात.

आणि ड्राइव्ह तीन घ्या. एका माणसाला तीनच झेपतात. चौथा लावला की कोणता ट्रे उघडा आहे हे बघण्यातच वेळ जातो. तीन ड्राइव्ह म्हणजे ते ७५ तास २५ वर आले, आणि तेही संध्याकाळी थोडं थोडं करत.

जुनी तबकडी
तीन बारीक यूएसबी ड्राइव्ह एकाच हबला चालतील?

तारामास्तर
डेटाच्या दृष्टीने आरामात. ४० एक्सने काढलं तरी सेकंदाला साधारण ७ एमबी येतात, यूएसबी २ ला ते जड नाही. गोची विजेची आहे. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीॲम्पिअर देतो आणि बारीक ड्राइव्ह फिरायला लागताना त्याहून जास्त ओढू शकतो. तीन एकदम सुरू झाले की मधलाच एखादा 'दिसेनासा' होतो आणि लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब घ्या.

त्याहून बरं म्हणजे जुन्या डेस्कटॉपमधले रुंद ड्राइव्ह. बारीक ड्राइव्ह सीडी २४ एक्सपर्यंत वाचतात, हे ४८-५२ पर्यंत जातात, ओरखडे सहन करण्यातही माझ्या अनुभवात सरस. सॅटा (या ड्राइव्हची डेस्कटॉपमधली जोडणी) ते यूएसबी केबल मिळते, पण १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेलीच घ्या, नुसत्या यूएसबीवर ते फिरणार नाहीत.

निवांत
ते आपोआप सीडी बदलणारे रोबो असतात ना?

तारामास्तर
असतात. निंबी नावाचा येतो, त्यात १०० सीडींची चळत लागते. ९०० साठी वापरून कुणाला पुढे विकता आला तर विचार करा. एक मात्र सांगतो, दोन सीडी एकमेकींना चिकटून आल्या की रोबो अडतो आणि सकाळी बघावं तर रात्रभर काहीच झालेलं नसतं. चळत लावण्याआधी प्रत्येक सीडी सुटी करून घ्यावी लागते.

कानसेन
एमपी३ मध्ये करून मोकळे व्हा. ३२० केबीपीएसला फरक ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

किरकिरा
कानाला कळतं की नाही हा वादच इथे गैरलागू आहे. मुद्दा पुन्हा ढीग उपसावा लागू नये हा आहे. फ्लॅकमधून कधीही, कोणत्याही फॉरमॅटमध्ये, मूळ सीडीइतक्याच दर्जावरून जाता येतं. एमपी३ वरून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये गेलं की दर वेळी थोडं आणखी गळतं. तासाभराची सीडी बिनदाब ६३५ एमबी, फ्लॅकमध्ये साधारण ३५०, ३२० च्या एमपी३ मध्ये १४४. म्हणजे ९०० सीडी फ्लॅकमध्ये ३१५ जीबीच्या आसपास. आजकालच्या डिस्कला एवढं काय जड आहे? फोनसाठी लहान प्रती हव्यात तर शेवटी एका आज्ञेत सगळ्या संग्रहाच्या बनवा. ते काम संगणक झोपेत करतो.

कानसेन
बरं, मान्य. पण मग फ्लॅकची पातळी ८ ठेवायची का? तीच सर्वांत चांगली ना?

किरकिरा
पातळीचा आवाजाशी काही संबंध नाही. ० असो की ८, उघडल्यावर बिट न् बिट तेच. ८ ने फाइल जेमतेम एखाद्या टक्क्याने लहान होते. मूळचं ५ आहे, ते राहू द्या. ॲपलच्या उपकरणांवरच ऐकणार असाल तर एएलएसी घ्या, तेही बिनतोटा आहे आणि एकातून दुसऱ्यात जाताना काहीच गमावत नाही.

नावनिशी
नावांच्या भानगडीवर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या मते ९०० सीडींचं काम बिघडतं ते इथेच.

बहुतेक विकतच्या सीडीवर गाण्यांची नावं नसतातच. सॉफ्टवेअर फक्त ट्रॅक किती आणि कुठे सुरू होतात हे बघतं आणि त्या आकड्यांवरून जालावरच्या कोशात शोधतं. म्हणून कधीकधी भलत्याच अल्बमचं नाव येतं: दोन सीडींची मापं योगायोगाने सारखी निघतात. फ्रीडीबी हा जुना कोश २०२० मध्ये बंद झाला, त्यामुळे जुन्या लेखांतली सेटिंग आता चालणार नाही. म्युझिकब्रेन्झ वापरा. तिथे माहिती कमी सापडेल, पण जी आहे ती शिस्तीची असते.

मराठी सीडींची तऱ्हा अशी की मुळात नोंद असेल तर नशीब, आणि असली तर एकाच गायिकेचं नाव रोमनमध्ये तीन प्रकारे लिहिलेलं. मग प्लेअरमध्ये त्या तीन वेगळ्या गायिका होतात. देवनागरी की रोमन हे पहिल्या दिवशी ठरवा आणि मोडू नका. मी टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती) देवनागरीत ठेवते, फोल्डरची नावं मात्र रोमनमध्ये, कारण गाडीतले आणि जुने प्लेअर देवनागरी फाइलनावांच्या जागी चौकोन दाखवतात.

दुसरी एक गोष्ट पहिल्या फेरीतच सांभाळा, नंतर निस्तरणं जिकिरीचं जातं. संकलनाच्या सीडीत प्रत्येक गाण्याचा गायक वेगळा असतो. तिथे 'अल्बम कलाकार' हा रकाना 'विविध' असा भरा, नाहीतर एकाच अल्बमची पंधरा तुकड्यांत वाटणी होते. पेटीतल्या संचाला डिस्क क्रमांक द्या. बाकीचं सगळं, शुद्धलेखन, वर्ष, वादक, चित्रं, दुसऱ्या फेरीत. एमपी३टॅग या सॉफ्टवेअरमध्ये शंभर फाइली निवडून एकदम बदल करता येतो, ते काम सीडीगणिक करत बसण्यात अर्थ नाही. नाव एमपी३ असलं तरी फ्लॅकलाही चालतं. जिथे काहीच ओळखलं गेलं नाही तिथे पिकार्ड हे सॉफ्टवेअर आवाजाच्या ठशावरून शोधून बघतं.

खटपट्या
+१. आणि कोशात न सापडलेल्या सीडीसाठी थांबून टंकत बसू नका. डबीच्या मागचा फोटो मोबाइलवर काढा, फोल्डरला क्रमांक द्या, तोच क्रमांक फोटोला. नंतर फोटो बघून टंकता येतं, सीडी पुन्हा शोधावी लागत नाही.

दुरुस्तीवाला
अडलेल्या ढिगाबद्दल माझी दोन आणे भर.

आधी पुसा. मऊ, लव न सुटणारं कापड, मधून कडेकडे सरळ. गोलगोल पुसायचं नाही. सीडीची चूकदुरुस्ती ट्रॅकच्या दिशेने सलग सुमारे अडीच मिलिमीटरचं नुकसान पूर्ण भरून काढू शकते. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात केसभरच जागा खातो, म्हणून पचतो. गोल ओरखडा ट्रॅकच्या बाजूने लांबच लांब जातो, तो पचत नाही. पुसताना आपणच नवे गोल ओरखडे पाडायचे नाहीत, एवढंच.

मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. हे पहिलं करावं, तासन्‌तास सिक्युअर मोड नंतर. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा सहज वाचतो असं वारंवार दिसतं. तरी नाही जमलं तर क्यूटूल्स या सॉफ्टवेअरच्या कोशात पॅरिटीची (चूक भरून काढायला लागणारी जादा) माहिती साठवलेली असते, थोड्या चुका असतील तर त्यातून ट्रॅक गणिताने पुरा करता येतो. नुसतं चूक दाखवत नाही, भरूनही देतो. मोठ्या नुकसानीला उपयोग नाही.

खालची बाजू घासून निघाली तर पॉलिश करता येते, तिथे प्लास्टिक एक मिलिमीटरहून जाड आहे. वरची, म्हणजे छापील बाजू गेली की संपलं. आवाज ज्या ॲल्युमिनियमच्या थरात आहे तो वरच्या लाखेच्या अगदी खाली असतो. सीडी दिव्यासमोर धरा, टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर तिथला आवाज उरलेला नाही.

जुनी तबकडी
घरी बर्न केलेल्यांचं काय? त्यांचा ताळा कोणाशी घेणार?

दुरुस्तीवाला
विकतच्या सीडीची जशीच्या तशी कॉपी असेल तर पुष्कळदा ॲक्युरेटरिप जुळतंही. घरच्या ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत जगात नाही, तिथे सिक्युअर मोडला पर्याय नाही. खरं तर या सीडी सगळ्यात आधी काढा. बर्न केलेल्या सीडीत माहिती रंगाच्या थरात असते आणि तो रंग उन्हाने, उष्णतेने, नुसत्या वयानेही उतरतो. विकतच्या सीडीची दुसरी प्रत कुठेतरी मिळेल, आजोबांचा आवाज मिळणार नाही.

त्याच ढिगात एमपी३ भरलेल्या सीडीही निघतील. त्या रिप करायच्या (ऑडिओ सीडीसारख्या काढायच्या) नसतात, फाइली सरळ कॉपी करा.

शंकासुर
कॉपी होऊ नये म्हणून कुलूप लावलेल्या सीडी यायच्या मध्यंतरी, त्या?

तारामास्तर
थोड्याच आहेत. विंडोजवर ऑटोप्ले बंद करून मगच घाला. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात छुपं सॉफ्टवेअर बसवतात हे उघडकीस आलं आणि त्या कंपनीला परत मागवाव्या लागल्या होत्या. तशी एखादी आजही कपाटात असू शकते. मॅक किंवा लिनक्सवर ते विंडोजचं प्रकरण लागू पडत नाही.

कानसेन
अवांतर: मैफलीच्या ध्वनिमुद्रणात दोन ट्रॅकच्या मधे टाळ्या तुटतात, ते टळेल का?

किरकिरा
फ्लॅकमध्ये तुटत नाहीत, प्लेअर सलग वाजवणारा हवा एवढंच. एमपी३ च्या बांधणीतच सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते, तिथे ही कटकट येते.

अवांतरात भर: १९८० च्या दशकातल्या काही सीडी वाजवताना कर्कश वाटल्या तर ड्राइव्हला दोष देऊ नका. त्यांत प्री-एम्फसिस असतो, म्हणजे वरच्या पट्ट्या मुद्दाम उचललेल्या. जुना प्लेअर खूण वाचून त्या खाली आणायचा. रिप केलेल्या फाइलवर ते वेगळं करावं लागतं, सॉक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे. अशा सीडी मोजक्याच.

खटपट्या
बॅकअप राहिलाच. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत, एक घराबाहेर. फ्लॅकची गंमत म्हणजे मूळ आवाजाचा चेकसम फाइलच्या डोक्यातच लिहिलेला असतो, त्यामुळे वर्षाकाठी एकदा सगळ्या संग्रहावर तपासणीची आज्ञा चालवली की कुठली फाइल सडली ते कळतं. मूळ डिस्क सडण्याआधी प्रत सडली हे कळायला हवं, नाहीतर बॅकअप असून नसल्यासारखा. रिपचे अहवालही त्या-त्या फोल्डरमध्ये राहू द्या.

जुनी तबकडी
सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. बर्न केलेल्यांपासून सुरुवात करतो. एक बारीकशी अडचण: काढून झालेल्या आणि राहिलेल्या मिसळू नयेत म्हणून सीडीवरच छोटी चिकटपट्टी लावली तर?

दुरुस्तीवाला
सीडीवर मुळीच नको. काढताना गोंद वरचा थर ओढून आणतो, आणि न काढता ड्राइव्हमध्ये गेली तर तोल जाऊन तबकडी थडथडते. डबीच्या कण्यावर ठिपका लावा. हिरवा म्हणजे ताळा जुळला, लाल म्हणजे पुन्हा बघायची. मार्करने सीडीच्या मधल्या पारदर्शक कड्यावर लिहिलं तरी चालतं, तिथे आवाज नसतो.